रुळावरच्या ट्रॅक्टरचा खांदा

डोणगाव
रविवार, ४ मे २०२५

ती. भाऊले कडूबाचा नमस्कार.

फोन लावला का तू कट करतं, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. कागद कट करता येत नाही. फाडता येते, पण फाडाच्या आधी माणूस वाचतेच.

एकच विचाराचं हाये. जिनिंगच्या रुळावरच्या ट्रॅक्टरचं ब्रेकचं चाक आबाच्या डाव्या हाताले होतं का उजव्या? मले डावा आठवते. पण आबा त्याच्यावर आडवा बसे, तोंड ना पुढं ना मागं. गाडी जिकडं जाईन तिकडं मान वळवे. त्यामुळं माह्या ध्यानात सारी गडबड होऊन बसली.

मी तो ट्रॅक्टर बनवून राह्यलो. हासू नको. पाव मापाचा, म्हणजे खऱ्याच्या फुटाले आपले तीन इंच. रूळ दोन फुटी होते, ते सहा इंचाचे झाले. एवढा मोठा होऊन राह्यला का कोकिळाच्या शिलाई मशीनचा टेबल पुरला नाही. आतल्या खोलीचं दार काढलं अन् दोन खुर्च्याईवर आडवं टाकलं. एक तुकडा तयार आणलेला नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा, पीव्हीसीचा पाइप उभा चिरून अन् चुलीवर गरम करून सपाट केलेला, रेडिएटरले चहाच्या गाळणीची जाळी, फटफटीच्या इंजिनातली बारीक चेन. चाकं तेवढे मेहकरच्या लेथवाल्याकडून काढून आणले.

हे खूळ कुठून आलं म्हणशीन. शेजारच्या विमलबाई हायेत ना, हिवरा आश्रमाकडच्या, त्याईले मी बोलता बोलता म्हटलं का आमच्या गावात रेल्वे होती अन् माहा बाप तिचा डायवर होता. त्या म्हणे, "कडूबाजी, आख्ख्या मेहकर तालुक्यात रुळाचा तुकडा नाही, सकाळी सकाळी थापा मारता का?" आता काय दाखवू बावा? फोटो नाही, कागद नाही. जिनिंगच्या जागेवर मंगल कार्यालय उभं हाये. कुठल्या तरी धरणाच्या कामावरून आणलेला तो लोखंडाचा डबडा, आवारातून गोदामापर्यंत कापसाच्या गठाणी ओढे, हे सांगाले गावात आता मीच उरलो. म्हटलं थांबा, बनवूनच दाखवतो.

खरं सांगू का, बाई निमित्त हाये. एसटीतून रिटायर झालो, मंग बायको गेली, माही कोकिळा, अन् पोरगी प्रेरणा पुण्याले असते. कंडक्टर होतो तं दिवसभर लोकाईवर ओरडत होतो, "पुढं सरका, पुढं सरका." आता घरात सरकाले कोणी नाही.

तुले विचारतो कारण त्याचं पोट तूच पाह्यलं. आबानं तो वरून चालवला, मी बाजूनं पाह्यला, तू तो कापला.

आणखी एक. त्याचा खांदा कसा होता? पुढचा तो जाड लोखंडाचा ठोकळा, ज्याले आकडा लावून डबे जोडत. गोल होता का चपटा? तेवढं लिही.

तुहा लहान भाऊ
कडूबा

*

डोणगाव
१ जून

भाऊ,

उत्तर नाही. ठीक हाये. पत्र पोचाले वेळ लागते म्हणू नको. मेहकर-जालना किती लांब हाये ते मले शिकवशीन काय? त्या रूटवर उभ्यानं जिंदगी काढली मी. जालन्याच्या स्टँडवर गाडी लागे, मी चहा घे, अन् तुह्या गल्लीकडं पाठ करून बसे.

अथी काय रामायण झालं ते ऐक. ट्रॅक्टरच्या बाजूच्या पत्र्यावर रिव्हेट होते ना, ओळीनं. ते कशाचे कराव? डोकं खाजवलं अन् सुचलं. तुरीची डाळ! एकीकडून चपटी, एकीकडून फुगीर, मापात बरोब्बर. फेविकॉलनं चिपकवली. ओळी अशा सरळ आल्या का तोंडात बोट घालशीन. सकाळी उठून पाहातो तं डावी बाजू सफाचट! उंदरानं ट्रॅक्टर खाल्ला, भाऊ. विमलबाईले दाखवलं तं त्या हासून हासून उंबऱ्यावरच बसल्या. "उरलेल्याले फोडणी देऊन टाका" म्हणे.

मी बी लय हासलो. मंग त्या आपल्या घरी गेल्या, अन् घरात माह्या एकट्याच्या हासण्याचा आवाज राह्यला. तं बंद केलं.

प्रेरणा फोनवर म्हणते, "बाबा, पुण्याला या, इथं छान सोसायटी आहे." गेलो होतो मागं. लिफ्टमधल्या माणसाले म्हटलं, "काऊन बाप्पा, जेवण झालं का?" तो माह्याकडं पाहातच राह्यला. चौथ्या मजल्यावर पोरगी मले म्हणे, बाबा, असं बोलू नका. मंग बोलू कसं? आपल्याले दुसरं येते कुठी?

ब्रेकचं चाक मी डावीकडं लावलं. चुकलं असन तं तूच सांग.

खांद्याचं राह्यलंच हाये.

कडूबा

*

डोणगाव
२२ जून

भाऊ,

तुह्यं कार्ड भेटलं.

ना सही, ना नमस्कार, ना खुशाली. "चाक उजवं. खाली पायाचा ब्रेक बी होता. डाळ काऊन लावतं येड्या, सायकलचे छर्रे घे, अर्धे रुतव." बस. पोस्टमन लेकाचा वाचूनच आला होता. मले म्हणे, "काका, डाळीचं काय झालं?"

पण येड्या लिहिलं तू. आबा गेल्यापासून मले येड्या म्हणणारं कोणी राह्यलं नव्हतं. कोकिळा बी 'अहो' म्हणत गेली. मी ते कार्ड कितीदा वाचलं ते सांगत नाही, तू डोक्यावर बसशीन.

छर्रे बसवले. काय दिसते बाप्पा! वरून काळा रंग मारला तं लोखंडाचेच वाटतात. चाक काढून उजवीकडं लावलं, डावीकडचं भोक पुट्टीनं बुजवलं.

आता पोटातलं सांग. चेन एक होती का दोन? गिअरची पेटी बसाच्या फळीखाली होती का इंजिनाच्या पुढं? लिहिता लिहिता दोन ओळी स्वतःच्या बी लिही. गुडघे कसे हायेत? तुह्या घरी भाकरी कोण टाकते? का खानावळीचं खातं?

अन् खांदा. गोल का चपटा?

कडूबा

*

डोणगाव
१३ जुलै

उकंडराव गोविंदा यांस,

कार्डं आले. सारे आले. चेन दोन होत्या, एक पुढच्या चाकाईच्या आखाले, एक मागच्या. पेटी फळीखाली. इंजिन फिरवाचा हांडल पुढून नाही, बाजूनं. बरोबर. सारं बरोबर हाये, तुले पाठ हाये. गुडघ्याचं एक अक्षर नाही. अन् शेवटच्या कार्डावर काय लिहिलं तू? "मी जोडावरच कापला. कुठी फोडला नाही."

मंग आता तुह्या गळ्यात हार घालू काय?

जिनिंग बंद पडली, भंगार विकलं, भंगारवाल्यानं गॅस कटर घेऊन माणूस धाडला, अन् तो माणूस तू! साऱ्या जालन्यात दुसरा कटरवाला नव्हता? आबा दिवसभर तारेच्या कुंपणाजवळ उभा होता. मी म्हटलं घरी चाल, तो हालला नाही. संध्याकाळी तू तांब्या भरून त्याच्यापुढं धरला. त्यानं तांब्या घेतला अन् सारं पाणी भुईवर ओतलं. "माह्या बैलाले कापलं त्या हातचं पाणी मले नको." तू पिशवी उचलली अन् निघाला. माणसानं भांडावं तरी!

तू गेला ते बरं झालं तुह्यं. मांग मी होतो. बुढा अंथरुणाले खिळला तवा त्याचं हागणं-मुतणं मी काढलं, कोकिळानं काढलं. तो गेला तवा तुले निरोप धाडला. अग्नी कोणं देला? मी. मोठा जिता असताना लहान्यानं. गावानं विचारलं, उकंडा कुठी हाये? मी म्हटलं, त्याले सुट्टी भेटली नाही. स्मशानात उभा राहून खोटं बोललो तुह्यासाठी.

मायचे पोरं जगत नव्हते म्हणून तुह्यं नाव उकंडा ठेवलं अन् माह्यं कडूबा. उकिरड्यावर टाकलेलं अन् कडू, म्हणजे देवाची नजर जाणार नाही. दोघं जगलो. कशाले जगलो? एक अथी एकटा अन् एक तथी एकटा.

अन् सांग, खांद्याचं काऊन लिहत नाही? दर पत्रात विचारून राह्यलो. आखाचं माप लिहितं, नटाचं माप लिहितं, खांदा आला का मुका होतं. लाज वाटते का?

*

डोणगाव
१० ऑगस्ट

भाऊ,

महिना होत आला, तुह्यं कार्ड नाही. पोस्टमन आता माह्या दारापुढून सायकलची घंटी वाजवत जाते, थांबत नाही. मले वाईट वाटू नये म्हणून जोरात पायडल मारते.

लय बोललो मांगच्या पत्रात. खोटं काही नाही त्याच्यात, पण पेटीत टाकलं अन् लगेच वाटलं, हात घालून वापस काढावं. पोस्टाची पेटी अशी केली हाये का हात आत जात नाही.

ट्रॅक्टर झाला. चाकं फिरतात, दोन्ही चेना फिरतात, पायानं दाबलं का ब्रेक लागते. बसाच्या फळीवर कोकिळाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून ठेवला, आबा गोणपाट ठेवे तसा. विमलबाई आल्या, त्याईनं चाक फिरवून पाह्यलं अन् म्हणे, "होती बाप्पा तुमच्या गावात रेल्वे." एवढ्यासाठी सारी उठाठेव केली होती, पण मले आनंदच झाला नाही. तो पुढून मोकळाच हाये. खांदा नाही त्याले. बिनखांद्याचा बैल उभा असल्यावानी दिसते.

एक गोष्ट तुले सांगाची राह्यली. फोनवर सांगत होतो, तू कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट केला. मंग मले राग आला अन् मी म्हटलं जाऊ दे. आता ऐकून घे.

पोळ्याच्या आदल्या सांजीले खांदमळणी असते. साऱ्या गावानं बैलाच्या खांद्याले हळद-तूप चोळावं, अन् आबानं आपली वाटी घेऊन जिनिंगात जावं. आठवते ना? पळसाच्या पानानं त्या ठोकळ्याले तूप लावे, फटीत बोट घालून घालून. मॅनेजर म्हणे, "अरे गोविंदा, लोखंडाले ग्रीस लावतात, तूप नाही." आबा म्हणे, "ग्रीस रोजचंच हाये साहेब. आजचा दिवस त्याचा हाये. वर्षभर खांद्यानंच ओढलं ना त्यानं?" अन् मंग त्याच्या कानाजवळ, म्हणजे रेडिएटरजवळ, वाकून म्हणे, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आपण दोघं मांगं उभे राहून हासू. तू त्याची नक्कल करे.

ट्रॅक्टर गेल्यावर बी दरवर्षी त्या सांजीले आबा वाटी मागे. कोकिळा हळद-तूप कालवून दे. तो वाटी मांडीवर घेऊन बसे, अन् तूप थिजलं का वापस दे.

शेवटच्या वर्षी तो कोणाले वळखत नव्हता. खांदमळणीच्या सांजीले मले हात करून जवळ बोलावलं. माही कॉलर बाजूले केली, बोटावर तूप घेतलं अन् माह्या खांद्याले चोळाले लागला. बोटात अजून जोर होता. म्हणे, "उकंडा, लय वजन ओढलं लेका तू. मी पाणी ओतलं तुह्यं. राग नको धरू. आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

मी कडूबा हावो असं म्हटलं नाही. त्याचं ढुंगण धुणारा मी, अन् आवतण तुले! लय लागलं मनाले. पण त्या वक्ताले मी उकंडा झालो अन् "येतो आबा" म्हटलं. बाहेर आलो, तुपाचा खांदा तसाच, अन् तुले फोन लावला. तू कट केला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ताट वाढाले लावलं अन् दाराकडं पाहात बसला. मंग आठ दिवसांत गेला.

तं भाऊ, ते आवतण माह्याजवळ पडून हाये. माह्यं नाही ते, मले जेवता येत नाही. यंदा पोळा २२ तारखेले हाये, शुक्रवारी. आदल्या सांजीले खांदमळणी. आबानं सांगितलं ते मी आज पोचवलं. आज आवतण घे, जेवाले ये.

खांद्याचं नको सांगू. नसन सांगाचं तं नको सांगू.

कडूबा

*

डोणगाव
गुरुवार, २१ ऑगस्ट, खांदमळणी

भाऊ,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दारावर चिकटवून राह्यलो. तुह्यं कार्ड काल सांजीले आलं. आता उत्तर धाडलं तं तू अथी अन् पत्र तथी, असं होईन.

मी ते कार्ड विमलबाईले वाचून दाखवलं. राग नको येऊ देऊ. एकट्याच्यानं वाचणं होईना. अर्ध्यात मी कार्ड त्याईच्या हातात देलं, पुढचं त्याईनंच वाचलं.

"खांदा कापला नाही. गॅसची ज्योत लावली तं तुपाचा वास सुटला. सालोसालचं तूप फटीत मुरलं होतं. आपल्या घरचा वास. हात चालला नाही. मी नाही तं दुसऱ्यानं घणानं फोडला असता म्हणून काम घेतलं होतं, आबाले सांगू नाही शकलो. मजुरीच्या बदली तेवढा तुकडा मागून घेतला. खाटेखाली हाये. गोल बी नाही, चपटा बी नाही. पोस्टानं येत नाही, वजनी हाये. गुरुवारी एसटीनं आणतो. सामानाचं टिकिट लागते का?"

इतके वर्षं बावा तू त्याच्यावर खाट टाकून झोपून राह्यला, अन् मी जालन्याच्या स्टँडवर चहा पेऊन राह्यलो! काय म्हणू तुले? येडा तूच हायेस.

टिकिटाचं विचारलं. लागते. कंडक्टरले म्हण, मी मेहकर डेपोच्या कडूबाचा भाऊ हावो. तरी मागितलं तं गुपचूप काढ, त्याच्याशी हुज्जत घालू नको, त्याची बी नोकरी हाये. सकाळी तुले फोन लावला. आज तू कट केला नाही, नुसता वाजत राह्यला. गाडीत असशीन, ऐकू येत नसन.

मी पळसाची पानं आणाले गेलो. जवळपासचे पळस लोकाईनं सकाळीच ओरबाडले, म्हणून नाल्याकडं जाऊन येतो. हळद-तूप कालवून ठेवलं हाये, झाकण काढू नको, मांजर हाये. पुरण विमलबाईकडं शिजून राह्यलं.

दाराले कुलूप नाही. लोटलं का उघडते. तो ठोकळा ओसरीत नको ठेवू, आत घे, गल्लीत भंगारवाला फिरते. आतल्या खोलीत आबाचा ट्रॅक्टर उभा हाये. पुढची जागा मोकळी ठेवली. खरा समोर ठेवून उद्या दोघं मिळून त्याचं माप घेऊ. तुले चुका दिसतीन. मोजून ठेव, पण मी आल्याशिवाय हात लावू नको.

आज सांजीले आधी त्याच्या खांद्याले तूप लावू, मंग तुह्या. बुशर्ट जुना घालून बस.

माठ भरून ठेवला हाये. तू पे. अन् मी तहानेला येईन, तं आल्या आल्या तुह्या हातानं दोन गिलास पाणी दे मले. एक माह्यं, एक आबाच्या वाटचं. दोन्ही मीच पेईन.

कडूबा